भय टिपणारा कॅमेरा : 'पीपिंग टॉम' आणि त्याचे कर्ते

आजचा धागा लांबलचक आहे, सवडीने वाचावा. महायुद्ध, गुप्तहेर, सांकेतिक लिपी हे सारे त्यात येईल. सुरुवात मात्र एका चित्रपटापासून करतो. या चित्रपटाने गेले काही दिवस माझी झोप उडवली आहे, आणि त्याचे कारण त्यातले खून नव्हेत. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांना आधीच सांगून ठेवतो, की पुढे शेवटासकट सगळे उघड होणार आहे.

एप्रिल १९६०, लंडन. मायकेल पॉवेल दिग्दर्शित 'पीपिंग टॉम' पडद्यावर आला. हे नाव एका जुन्या इंग्रजी आख्यायिकेतून आले आहे. कॉव्हेंट्रीच्या रस्त्यातून लेडी गोडायव्हा विवस्त्र घोड्यावरून जात असताना साऱ्या गावाने दारे-खिडक्या लावून घेतल्या. टॉम नावाच्या एकाने तेवढे फटीतून पाहिले आणि तो आंधळा झाला. आख्यायिकेतल्या टॉमला पाहण्याची शिक्षा मिळते. चित्रपटातल्या टॉमला लहानपणापासून पाहिले गेले होते. सारे नाट्य या उलटापालटीत आहे.

मार्क लुईस हा चित्रपट-स्टुडिओत कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा सहायक. लाजाळू, मृदू बोलणारा, कोणालाही आवडावा असा तरुण. फावल्या वेळात वर्तमानपत्रांच्या एका दुकानाच्या माडीवर तो स्त्रियांची 'तसली' छायाचित्रे काढतो. आणि कॅमेऱ्याच्या तिपाईच्या एका पायात दडवलेल्या पात्याने स्त्रियांना मारतो. मारताना त्यांचा चेहरा चित्रित करतो आणि रात्री खोलीत एकट्याने तो पाहत बसतो. कॅमेऱ्यावर त्याने एक आरसाही बसवलेला आहे, हे आपल्याला फार उशिरा कळते. मरणाऱ्या स्त्रीला आपलाच भयाने पिळवटलेला चेहरा त्यात दिसतो. भयाला भय दाखवायचे आणि त्यातून निपजणारे भय टिपायचे.

हे कोठून आले? मार्कचे वडील शास्त्रज्ञ. भीतीचा मज्जासंस्थेवर काय परिणाम होतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय आणि पोटचा पोर हेच प्रयोगाचे साधन. झोपलेल्या मुलाच्या डोळ्यांवर झोत टाकायचा, त्याच्या अंथरुणावर पाल सोडायची, आईच्या मृत्युशय्येपाशी उभ्या असलेल्या त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखायचा. घराच्या प्रत्येक खोलीत आवाज टिपण्याची सोय. त्या घरात या मुलाला एक क्षणाचाही एकांत मिळाला नाही. आणि मग एके दिवशी वडिलांनी त्याला भेट काय द्यावी, तर कॅमेरा.

हे जुने कौटुंबिक चित्रण आपल्याला कृष्णधवल फितींतून दिसते. त्यातल्या वडिलांची भूमिका स्वतः पॉवेल यांनी केली आहे आणि भेदरलेला लहानगा मार्क म्हणजे पॉवेल यांचा खरा मुलगा, कोलंबा. मार्कचे घर म्हणून दाखवलेली वास्तूही पॉवेल राहत त्याच मेलबरी रोडवरची. हे वाचले तेव्हा मी चित्रपट थांबवून तो भाग पुन्हा पाहिला. मुलाला घाबरवून त्याचे चित्रण करणारा बाप किती क्रूर असतो हे दाखवण्यासाठी एक बाप आपल्या मुलाला कॅमेऱ्यासमोर उभा करतो आहे. ही कबुली समजावी की तोच अपराध दुसऱ्यांदा? माझ्यापाशी उत्तर नाही. पॉवेल यांनी ती भूमिका दुसऱ्या कोणा नटाला दिली असती, तर हा चित्रपट निराळा आणि अधिक सोयीचा झाला असता, एवढे मात्र नक्की वाटते.

पॉवेल हे काही भयपटांच्या गल्लीतले दिग्दर्शक नव्हते. मूकपटांच्या काळात हिचकॉक यांच्या 'शॅम्पेन'साठी त्यांनी स्थिरचित्रे काढली होती. पुढे हंगेरीहून आलेले ज्यू लेखक एमेरिक प्रेसबर्गर यांच्यासह त्यांनी 'द रेड शूज', 'ब्लॅक नार्सिसस' असे चित्रपट केले. 'ब्लॅक नार्सिसस'मधला हिमालय पाहून अनेकांना तो दार्जिलिंगचा वाटतो. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक भाग पाइनवुड स्टुडिओत, काचेवर रंगवलेल्या डोंगरांच्या साहाय्याने उभा केला होता. अशा माणसाने हा 'घाणेरडा' चित्रपट करावा, याचा इंग्लंडमधल्या समीक्षकांना विलक्षण संताप आला. एकाने तर हा चित्रपट फावड्याने गोळा करून गटारात सोडून द्यावा, अशा आशयाचे लिहिले. वितरकांनी घाबरून तो लवकरच चित्रपटगृहांतून काढून घेतला.

दोनच महिन्यांनी अमेरिकेत हिचकॉकचा 'सायको' झळकला. तिथेही लाजाळू तरुण, तिथेही चोरून पाहणे, तिथेही आई-वडिलांच्या सावलीने पोखरलेले मन. हिचकॉक यांनी मात्र समीक्षकांना आगाऊ खेळ दाखवलाच नाही, आणि पैशांचा पाऊस पडला. दोघांच्या नशिबातला हा फरक केवळ व्यापारी चातुर्याचा नव्हता, असे मला वाटते. 'सायको' आपल्याला दचकवतो आणि शेवटी एक डॉक्टर येऊन सारे समजावून सांगतो. 'पीपिंग टॉम' दचकवत नाही. पहिल्या दृश्यापासून तो आपला डोळा कॅमेऱ्याच्या डोळ्याला लावतो आणि खून आपल्याच नजरेने घडवतो. तोही भडक, सुंदर रंगांत. आणि खुनी आपल्याला आवडू लागतो. त्या समीक्षकांना राग कशाचा आला असेल, ते मला कळू शकते.

'या चित्रपटाने पॉवेल यांची कारकीर्द एका रात्रीत संपली' हे वाक्य तुम्हांला सर्वत्र वाचायला मिळेल. ते थोडे अतिरंजित आहे. १९६१ मध्ये त्यांचा 'द क्वीन्स गार्ड्स' आला. पुढे ऑस्ट्रेलियात जाऊन त्यांनी दोन चित्रपट केले. पण मायदेशात त्यांना पूर्वीचे स्थान पुन्हा मिळाले नाही, हे खरे.

आता त्या माणसाकडे वळू, ज्याच्यासाठी मी हा धागा लिहायला घेतला. पटकथाकार लिओ मार्क्स.

तुमच्यापैकी पुस्तकवेड्यांना '८४, चेरिंग क्रॉस रोड' हा पत्ता ठाऊक असेल. तिथले 'मार्क्स अँड कंपनी' हे जुन्या पुस्तकांचे दुकान लिओच्या वडिलांच्या भागीदारीचे. दुकानात प्रत्येक पुस्तकाच्या मागे पेन्सिलीने काही अक्षरे लिहिलेली असत. पुस्तक कितीला पडले, हे गिऱ्हाइकाला न कळता विक्रेत्याला कळावे, म्हणून केलेली ती सांकेतिक खूण. आपल्याकडे गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून सौदा करीत, त्याच जातीची ही युक्ती. आठेक वर्षांच्या लिओने एडगर ॲलन पो यांची 'द गोल्ड बग' ही गुप्तलिपीची कथा वाचली आणि वडिलांच्या त्या खुणेचे कोडे सोडवून टाकले.

१९४२ मध्ये, वयाच्या बाविशीच्या आत-बाहेर, हा मुलगा लंडनच्या बेकर स्ट्रीटवरच्या एका गुप्त खात्यात दाखल झाला. स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह, म्हणजेच एसओई. नाझींनी व्यापलेल्या युरोपात हेर उतरवायचे, पूल उडवायचे, स्थानिक प्रतिकाराला शस्त्रे पुरवायची, हे त्याचे काम. पुढे मार्क्स तिथल्या सांकेतिक विभागाचे प्रमुख झाले.

हेरांना तेव्हा 'कविता-संकेत' देत असत. हेराने एखादी कविता पाठ करायची. संदेश पाठवताना तिच्यातले पाच शब्द निवडायचे, त्यांतल्या अक्षरांना वर्णक्रमाने आकडे द्यायचे आणि त्या आकड्यांच्या क्रमाने संदेशातल्या अक्षरांचे स्तंभ उलटसुलट करायचे. एकदा नव्हे, दोनदा. कागदपत्र जवळ बाळगावे लागत नाही, हा फायदा. तोटे भयंकर. कविता प्रसिद्ध असेल तर शत्रू ग्रंथालयातून ती शोधून काढील. नसेल तर हेराला पकडून, छळून ती वदवून घेईल, आणि मग त्याचे मागचे-पुढचे सारे संदेश उघडे पडतील. शिवाय अंधाऱ्या माडीवर, दाराकडे कान लावून बसलेल्या हेराच्या हातून एखादे अक्षर चुकले की लंडनमध्ये संदेश वाचताच येत नसे. अशा वेळी त्याला तोच संदेश पुन्हा पाठवायला सांगत. आणि पुन्हा बिनतारी यंत्र सुरू करणे म्हणजे माग काढणाऱ्या जर्मन गाड्यांना आमंत्रणच. मार्क्स यांनी हट्ट धरला : असा संदेश आला तर हेराला त्रास द्यायचा नाही, तो इथेच फोडायचा. त्यांच्या हाताखालच्या तरुण मुली त्यासाठी हजारो शक्यता पडताळून पाहत रात्री जागवीत.

त्यांनी दोन सुधारणा केल्या. पहिली, हेरांसाठी अप्रसिद्ध, नव्याने लिहिलेल्या कविता; अनेक त्यांनी स्वतःच लिहिल्या. व्हायोलेट झाबो या हेर तरुणीला दिलेली त्यांची कविता आज इंग्रजीत शोकसभांतून वाचली जाते. मुळात ती त्यांनी विमान अपघातात गेलेल्या आपल्या प्रेयसीसाठी लिहिली होती. दुसरी सुधारणा अधिक मोलाची : रेशमाच्या तुकड्यांवर छापलेल्या, एकदाच वापरायच्या किल्ल्या. रेशीम कपड्याच्या अस्तरात शिवता येते, चाचपले तरी हाताला लागत नाही. वापरलेली ओळ कापून जाळायची. जे पाठच नाही, ते छळ झाला तरी सांगणार कसे?

हॉलंडची कथा तर स्वतंत्र धाग्याची आहे. थोडक्यात सांगतो. तिथे उतरवलेले हेर एकामागोमाग जर्मनांच्या हाती पडत होते आणि जर्मन त्यांच्याच यंत्रांवरून लंडनला बनावट संदेश पाठवीत होते. लंडन आणखी हेर पाठवी. तेही थेट जाळ्यात. मार्क्स यांना संशय कशावरून आला? डच हेरांच्या संदेशांत चुका नव्हत्या. साऱ्या युरोपातल्या घाबरलेल्या, दमलेल्या माणसांच्या हातून चुका होत होत्या. फक्त डच हेर अचूक लिहीत होते. म्हणजे ते लिहिणारे टेबलाशी निवांत बसलेले असणार. भय नाही, म्हणून काहीतरी भयंकर घडले आहे, असा तो तर्क. वरिष्ठांनी तो फार काळ मानला नाही. पन्नासच्या आसपास हेर त्या सापळ्यात गेले, आणि त्यांतले बहुतेक परतले नाहीत.

ज्या माणसाने ऐन तारुण्यात भय अक्षरांतून ओळखायला शिकले, त्याने पुढे भय चेहऱ्यावरून टिपणाऱ्या मार्कची कथा लिहावी, यात मला आश्चर्य वाटत नाही. फ्रान्समध्ये उतरण्याआधी प्रत्येक हेर मार्क्स यांच्यासमोर बसे. त्याला संकेत शिकवायचा, त्याची परीक्षा घ्यायची, छळापुढे तो किती टिकेल याचा मनोमन अंदाज करायचा. चेहरे वाचणे हा त्या नोकरीचाच भाग होता.

त्या चेहऱ्यांपैकी एक आपल्याला परका नाही. नूर इनायत खान. तिचे वडील हजरत इनायत खान १८८२ मध्ये बडोद्यात जन्मले. त्यांचे आजोबा मौलाबक्ष म्हणजे सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा काढणारे थोर गवई. टिपू सुलतानाच्या घराण्याशी नाते सांगितले जाते ते याच मौलाबक्षांच्या पत्नीकडून. मॉस्कोत जन्मलेली, पॅरिसजवळ वाढलेली नूर मुलांसाठी गोष्टी लिही. तिचे जातककथांचे पुस्तक १९३९ मध्ये निघाले होते. खोटे बोलणे तिला जमत नसे, आणि हेराच्या दृष्टीने यासारखा दुर्गुण नाही. मार्क्स यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, की तिच्यासाठी त्यांनी एक खास खूण ठरवली : किल्लीच्या शब्दांची अक्षरे मिळून अठरा कधीही होऊ द्यायची नाहीत, झाली तर तू पकडली गेलीस असे मी समजेन. जून १९४३ मध्ये ती फ्रान्सला गेली, ऑक्टोबरमध्ये पकडली गेली. अठरा अक्षरांचा संदेश आला. मार्क्स यांनी ओळखला. ज्यांनी त्यावरून सावध व्हायचे, ते झाले नाहीत. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली गेली.

'पीपिंग टॉम'मध्ये मार्कला माणसात आणू पाहणारी हेलन नावाची मुलगी आहे. ती त्याच घरात खालच्या मजल्यावर राहते, सरळ आहे, तिला लपवाछपवी येत नाही. आणि ती मुलांसाठी पुस्तक लिहिते आहे. हा केवळ योगायोग असेल. मला पुरावा मागू नका, तो नाही. पण नूरविषयी वाचून झाल्यावर हेलनचे प्रसंग मला पूर्वीसारखे पाहता आले नाहीत.

मार्क्स यांना खरे तर पॉवेल यांच्यासाठी फ्रॉइडच्या जीवनावर पटकथा लिहायची होती. जॉन ह्यूस्टन त्याच विषयावर काम करीत असल्याचे कळल्यावर तो बेत सुटला, आणि कॅमेरा घेऊन मारणाऱ्या तरुणाची कल्पना पुढे आली. अंग चोरून वावरणारा तो तरुण साकारला कार्लहाइन्झ ब्योम यांनी, म्हणजे विख्यात संगीत-संचालक कार्ल ब्योम यांच्या मुलाने. जर्मन भाषिक प्रेक्षकांना ते 'सिसी' चित्रपटांतले देखणे सम्राट फ्रान्झ योझेफ म्हणून ठाऊक होते. मोठ्या बापाचा मुलगा असणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पुढे १९८१ मध्ये त्यांनी इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी एक मदतसंस्था उभारली आणि उरलेले आयुष्य बव्हंशी त्याच कामात घालवले.

दुष्काळाचा उल्लेख आला, तर आता मला जे सांगायचे आहे ते सांगतो.

काही महिन्यांपूर्वी मी १८७६-७८ च्या महादुष्काळावर धागा लिहिला होता, तो तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. दख्खनपासून मद्रास इलाख्यापर्यंत लक्षावधी माणसे त्यात मेली. धाग्याच्या माथ्यावर मी एक छायाचित्र लावले होते : बरगड्यांचे सापळे झालेली माणसे, ओळीने बसवलेली. विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यात काढलेले. तो धागा माझ्या सर्व धाग्यांत सर्वाधिक वाचला गेला. मी खूश होतो, हे लपवत नाही. दर तासाला आकडा पाहत होतो.

त्यावर एका वाचकाने एवढेच विचारले होते : "दादा, यांना असे ओळीने कोणी बसवले?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले आणि पुढे गेलो.

'पीपिंग टॉम' पाहून झाल्यावर मध्यरात्री तो प्रश्न परत आला, आणि मी हूपरचा शोध घेतला. हाच हूपर जानेवारी १८८६ मध्ये, ब्रिटिशांनी नुकत्याच घेतलेल्या मंडालेत, लष्करी पोलिसांचा प्रमुख होता. ब्रह्मी कैद्यांना गोळ्या घातल्या जात असताना त्याने कॅमेरा मांडला. गोळी लागण्याचा नेमका क्षण काचेवर उतरावा, म्हणून गोळीबाराच्या हुकुमाची वेळ कॅमेऱ्याशी जुळवल्याचा आरोप त्याच्यावर झाला. लंडनच्या 'टाइम्स'पर्यंत बातमी गेली, चौकशी बसली, त्याला जाहीर ठपका मिळाला.

म्हणजे मार्क लुईस हा १९६० च्या लंडनमधल्या एका विकृत मेंदूची कल्पना नव्हताच. चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी तो गणवेशात, आपल्या शेजारच्या देशात उभा होता. आणि त्याने काढलेले चित्र मी माझ्या धाग्याला तोरणासारखे बांधले होते.

छायाचित्र मी काढून टाकलेले नाही. ती माणसे होती, त्यांची उपासमार झाली, आणि तिचा तेवढाच पुरावा कित्येकांच्या वाट्याला आला आहे. पण ते आता माथ्यावर नाही. दुष्काळाची कारणे आणि धान्याच्या निर्यातीचा भाग संपल्यावर ते येते, खाली हूपरचे नाव आणि मंडालेची हकिकत यांसह. त्या वाचकाच्या प्रश्नाखाली नवे उत्तरही लिहिले आहे. इतक्या दिवसांनी ते तिने पाहिले की नाही, कळत नाही.

राहिली चित्रपटाची पुढची हकिकत. न्यूयॉर्कच्या मार्टिन स्कोर्सेसी या तरुणाला विद्यार्थिदशेपासून या चित्रपटाचे वेड होते. १९७९ मध्ये त्यांच्याच प्रयत्नाने आणि आर्थिक साहाय्याने तो न्यूयॉर्कच्या महोत्सवात पुन्हा दाखवला गेला, आणि जगाने आपले मत बदलले. स्कोर्सेसींच्या संकलिका थेल्मा स्कूनमेकर यांच्याशी १९८४ मध्ये पॉवेल यांचा विवाह झाला. १९९० मध्ये ते वारले. ज्यांनी १९६० मध्ये चित्रपटाला झोडपले होते, त्यांपैकी डिलिस पॉवेल (आडनाव तेच, नाते काही नाही) यांनी १९९४ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, आपली चूक छापून कबूल केली. लिओ मार्क्स यांचे युद्धकाळातील आठवणींचे पुस्तक अनेक वर्षे अडून राहून १९९८ मध्ये निघाले. २००१ मध्ये तेही गेले. स्कोर्सेसींच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट'मध्ये सैतानाचा आवाज ऐकाल, तर तो यांचाच आहे.

चित्रपट मिळवून पाहणार असाल, तर हेलनच्या आईकडे नीट लक्ष द्या. मॅक्सीन ऑडली यांनी ती भूमिका केली आहे. ती बाई आंधळी आहे. मार्कच्या खोलीत अंधारात ती एकटी त्याची वाट पाहत बसते; पडद्यावर काय चालले आहे ते तिला दिसत नाही, आणि त्या घरात पहिल्यापासून त्याला ओळखून असते ती तीच. मार्क तिच्यावर कॅमेरा रोखतो. मग तो खाली घेतो, कारण हिला आरसा दाखवून उपयोग नसतो.

पुढचा धागा हॉलंडच्या सापळ्यावर. माथ्यावर चित्र कोणते लावावे, ते अजून ठरलेले नाही.